ओपन सोर्स पॅकेजच्या टेस्ट आणि कव्हरेज: किती टक्के पुरे, आणि सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तारखा आणि कालावधी वाचणारं एक छोटं पायथन पॅकेज तुम्ही तीन वर्षांपासून सांभाळता. टेस्ट आहेत, पण जमतील तशा लिहिलेल्या. कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी प्रत्यक्ष चालल्या ते प्रमाण, ७१ टक्के दिसतं. आता एका योगदानकर्त्याने पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये घ्यायच्या बदलाचा प्रस्ताव, पाठवली आहे: सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था) ९० टक्क्यांची अट घालावी, त्याखाली गेलं की बिल्ड लाल व्हावं, म्हणजे नापास ठरावं. ती स्वीकारावी का, आणि टेस्ट वाढवायच्या तर हात कुठे घालावा, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर सांगतो. ९० ची अट आत्ता घालू नका. मोजणी मात्र आजपासून नीट चालू करा, आणि आकडा पाहण्याआधी न चाललेल्या ओळींची यादी उघडून वाचायची सवय लावून घ्या. गेली पंधरा वर्षं मी लहानमोठी पॅकेजं सांभाळतो आहे. कव्हरेजने मला जेव्हा जेव्हा वाचवलं, तेव्हा ते त्या यादीने वाचवलं. टक्केवारीने वाचवल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही.

कव्हरेज मोजणारं टूल फार साधं काम करतं. पायथनमध्ये बहुतेक सगळे कव्हरेज डॉट पाय वापरतात. गॅरेथ रीस यांनी ते २००१ मध्ये लिहिलं आणि २००४ पासून नेड बॅचेल्डर ते सांभाळत आहेत. टेस्ट चालू असताना इंटरप्रिटर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे याची ते नोंद ठेवतं आणि शेवटी न चाललेल्या ओळी वेगळ्या काढून दाखवतं (रिपोर्टमध्ये त्या लाल, चाललेल्या हिरव्या). ओळ चालली, पण तिच्यातून आलेलं उत्तर बरोबर होतं की नाही हे टेस्टने पाहिलं का, हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही.

तुमच्या पॅकेजसारखंच उदाहरण घेऊ. ‘२ता ३०मि’ असा मजकूर घेऊन एकूण सेकंद परत देणारं एक फंक्शन आहे असं धरा. आत दोन इफ आहेत. मजकुरात तास असतील तर ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल तयार करून त्यात तास गुणिले ३६०० ठेवायचे. मिनिटं असतील तर त्या ‘एकूण’मध्ये मिनिटं गुणिले ६० मिळवायची. मग ‘एकूण’ परत द्यायचं. टेस्ट एकच: ‘२ता ३०मि’ देऊन फंक्शन बोलावलं आणि काहीतरी परत आलं एवढंच तपासलं. कव्हरेज १०० टक्के! आता ६० च्या जागी चुकून ६ पडलं असं समजा. फंक्शन ९००० ऐवजी ७३८० देतं, टेस्ट हिरवीच राहते आणि कव्हरेज १०० च्या १००. टेस्टमध्ये ‘९००० आलं पाहिजे’ अशी एक ओळ असती तर चूक जागच्या जागी सापडली असती.

याच फंक्शनमध्ये आणखी एक खोट आहे. ‘४५मि’ द्या. तास नाहीत, म्हणून पहिल्या इफच्या आतली ओळ चालत नाही, ‘एकूण’ तयारच होत नाही, आणि दुसऱ्या इफमध्ये त्यात मिनिटं मिळवायला गेलं की प्रोग्रॅम कोसळतो. आपल्या एकुलत्या एका टेस्टमध्ये दोन्ही इफ खरे ठरले होते, त्यामुळे ओळींच्या हिशेबात काहीच सुटलेलं नाही. इथे ब्रँच कव्हरेज लागतं. तो पर्याय चालू केला की टूल प्रत्येक इफच्या दोन्ही वाटा मोजतं, आणि एचटीएमएल रिपोर्टमध्ये पहिला इफ पिवळा होऊन सांगतो की ही अट कधी खोटी ठरलीच नाही. म्हणून माझा पहिला सल्ला: कॉन्फिगरेशनमध्ये ब्रँचची मोजणी चालू करा. तुमचे ७१ कदाचित आणखी खाली येतील. येऊ द्या, नवा आकडा जास्त खरा आहे.

तिथेच दुसरी एक सेटिंग पाहून घ्या. ‘सोर्स’मध्ये पॅकेजचं नाव दिलं नसेल, तर टेस्ट चालताना जी फाइल एकदाही इम्पोर्ट झाली नाही ती रिपोर्टमध्ये येतच नाही. म्हणजे ज्या फाइलला एकही टेस्ट नाही, तीच हिशेबातून गायब. मी एकदा ही सेटिंग घातली आणि आकडा एका रात्रीत १४ ने घसरला. कोडमध्ये काहीही बदललं नव्हतं. दोन मॉड्यूल इतके दिवस कोणालाच दिसत नव्हते.

आता कव्हरेजवर भरवसा किती ठेवायचा, हे समजायला मी नवीन लोकांना नेहमी २०१४ मधले दोन बग शेजारी ठेवून दाखवतो.

पहिला ॲपलच्या टीएलएस (नेटवरचं संभाषण सुरक्षित ठेवणारी पद्धत) कोडमधला ‘गोटू फेल’. तो कोड उघडाच होता, कोणीही वाचू शकत होतं. सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये एकामागोमाग एक इफ होते, आणि प्रत्येकाखाली ‘गोटू फेल’ ही ओळ. एका ठिकाणी ती ओळ दोनदा पडली. महिरपी कंस नसल्यामुळे पहिली ओळ इफच्या ताब्यात होती, दुसरी मोकळी. ती दर वेळी चालायची आणि खालची खरी सही-तपासणी ओलांडून थेट शेवटी उडी मारायची. तोवर कुठेच चूक झालेली नसल्यामुळे फंक्शन ‘सगळं ठीक’ असंच सांगायचं. दुरुस्ती २१ फेब्रुवारी २०१४ ला आली. या फंक्शनसाठी एखादी अगदी साधी टेस्ट असती आणि कोणी कव्हरेजचा रिपोर्ट उघडला असता, तर त्या ओळीखालचा सगळा भाग लाल दिसला असता. सही तपासणारी ओळ लाल आहे म्हटल्यावर माणूस थांबतोच.

दुसरा ओपनएसएसएल या टीएलएसच्याच लायब्ररीमधला हार्टब्लीड. ७ एप्रिल २०१४ ला १.०.१जी या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. समोरचा संगणक थोडा मजकूर पाठवतो आणि सोबत त्याची लांबी सांगतो. सर्व्हरने तोच मजकूर परत पाठवायचा. सर्व्हर सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवायचा. एक अक्षर पाठवून ‘६४ केबी आहे’ असं सांगितलं, की शेजारच्या मेमरीतला जवळपास ६४ केबी ऐवज बाहेर यायचा, त्यात पासवर्ड किंवा खासगी कीसुद्धा असू शकायची. इथे कव्हरेज काय सांगणार? एक सरळ, प्रामाणिक विनंती पाठवणारी टेस्ट लिहिली की सगळ्या संबंधित ओळी चालतात. रिपोर्ट हिरवागार. चूक लिहिलेल्या ओळीत नव्हतीच. लांबी पडताळणारी ओळ लिहिली गेली नव्हती, आणि जी ओळ फाइलमध्ये नाही ती लाल कशी होणार? असा बग पकडायचा तर खोटी लांबी देऊन पाहणारी टेस्ट लागते, किंवा वेडेवाकडे इनपुट तयार करून मारा करणारं फझिंग आणि सोबत मेमरीवर लक्ष ठेवणारा सॅनिटायझर. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये गूगलने ओएसएस-फझ ही सेवा सुरू केली. महत्त्वाच्या ओपन सोर्स प्रकल्पांवर ती अशा तऱ्हेचा मारा सतत चालू ठेवते, तोही फुकट.

दोन्ही बग एकाच वर्षातले, दोन्ही सुरक्षेच्या गाभ्यातले. एक कव्हरेजने उघडा पडला असता, दुसरा पडला नसता. म्हणून लाल ओळीला मी पूर्ण किंमत देतो, आणि हिरवी ओळ पाहून निर्धास्त होत नाही.

आता ९० च्या अटीकडे येतो. तिचा त्रास साध्या गणितात दिसतो. पॅकेजमध्ये १००० ओळी आहेत, ९०० चालतात, म्हणजे बरोबर ९० टक्के. कोणीतरी वाचून पाहिलं की दोन फंक्शनमध्ये तोच कोड दोनदा लिहिला आहे. त्याने नेटकेपणाने १०० ओळी काढून टाकल्या. त्या सगळ्या टेस्ट झालेल्या होत्या. आता उरल्या ९०० ओळी, त्यांतल्या चालतात ८००. झाले ८८.९ टक्के. बिल्ड लाल! कोड सुधारला, न तपासलेल्या ओळी पूर्वीइतक्याच १०० राहिल्या, आणि ज्याने काम केलं त्याला दार बंद. असं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. योगदानकर्ता नवा होता. आपण काय बिघडवलं हे त्याला कळेना, आणि त्याला समजावून सांगेपर्यंत दोन आठवडे गेले. तो परत आला नाही. मोबदल्याशिवाय चालणाऱ्या प्रकल्पात एक माणूस गमावणं फार महाग पडतं.

दुसरा त्रास हळूहळू येतो. आकडा गाठायचाच आहे म्हटलं की लोक सोप्या ओळींच्या टेस्ट लिहितात. गेटर, सेटर, रेपर (किंमत वाचून देणारी, ठेवणारी, छापून दाखवणारी बारकी फंक्शनं) या ओळी पटकन हिरव्या होतात. चुकीचा मजकूर आला तर काय, फाइल अर्धवट वाचली गेली तर काय, हे अवघड कोपरे तसेच राहतात, कारण तिथे एका टेस्टमागे अर्धा दिवस जातो आणि बदल्यात तीन ओळी हिरव्या होतात. मग कोणीतरी त्या तीन ओळींवर ‘हे मोजू नका’ अशी प्राग्मा, म्हणजे टूलसाठीची टिपणी, टाकून मोकळा होतो. प्राग्मा वाईट नाही. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीचा भाग, फक्त टाइप तपासण्यासाठीचे इम्पोर्ट, अशा जागी ती योग्यच आहे. माझा नियम एवढाच की प्राग्मेशेजारी कारण लिहिलेलं पाहिजे, आणि ‘टेस्ट लिहायला अवघड’ हे कारण चालणार नाही.

सरसकट अटीच्या जागी मी बदललेल्या ओळींचं कव्हरेज पाहतो. पुल रिक्वेस्टमध्ये ज्या ओळी नव्या आल्या किंवा बदलल्या, त्या टेस्टमध्ये चालल्या का? हा प्रश्न न्याय्य आहे, कारण त्या ओळी त्याच माणसाने नुकत्याच लिहिल्या आहेत आणि त्या त्याच्या डोक्यात ताज्या आहेत. जुन्या न तपासलेल्या ओळींचं ओझं त्याच्या डोक्यावर येत नाही. डिफ-कव्हर नावाचं छोटं टूल हे काम कोणत्याही बाहेरच्या सेवेशिवाय करतं. आणि हा निकालसुद्धा बिल्ड पाडण्यासाठी न वापरता मी रिव्ह्यूमध्ये बोलण्यासाठी वापरतो: ‘ही एरर फेकणारी ओळ कुठल्या टेस्टमध्ये चालत नाही, एक टेस्ट जोडता का?’ माणूस माणसाशी बोलला की काम होतं.

मग १०० टक्के कधीच नको का? तसंही नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसकडे पाहा. त्यांच्या गाभ्याचं एमसी-डीसी कव्हरेज १०० टक्के आहे. म्हणजे अटीतला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे निकाल बदलू शकतो, इथपर्यंत तपासलेलं. विमानातल्या सगळ्यात जोखमीच्या सॉफ्टवेअरला हीच पातळी लागते. त्यासाठीचा खर्चही त्यांनी उघड सांगितला आहे: २०२३ च्या ३.४२.० आवृत्तीत मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा आणि टेस्टचा पसारा त्याच्या ५९० पट. जगभरातल्या फोनमध्ये बसलेल्या डेटाबेसला हे शोभतं. तरीही २०१५ मध्ये मिहाऊ झालेव्स्की यांनी एएफएल हा आपला फझर त्यावर चालवला, तेव्हा प्रोग्रॅम कोसळवणारे २२ इनपुट सापडले. त्यानंतर एसक्यूलाइटच्या लोकांनी फझिंग कायमचं आपल्या कामात घेतलं. या दोन पद्धती एकमेकींना विरुद्ध बाजूंना ओढतात असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. प्रत्येक वाट चालवून दाखवायची म्हटलं की ‘हे कधी होणार नाही, तरी तपासून ठेवू’ अशा बचावाच्या ओळी लिहिणं जड जातं, आणि फझर नेमका त्याच ओळी नसलेल्या जागी घुसतो. त्यांनी त्यावर ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ असे मॅक्रो काढले. बचाव कोडमध्ये राहतो, पण कव्हरेज मोजताना आड येत नाही. उंच आकड्याचा दाम असा कोडच्या ठेवणीतही मोजावा लागतो.

संशोधनही याच बाजूला आहे. लॉरा इनोझेमत्सेवा आणि रीड होम्स यांनी २०१४ मध्ये पाच मोठ्या जावा प्रकल्पांसाठी ३१,००० टेस्ट-संच बनवून पाहिलं, की कव्हरेज जास्त असलेला संच जास्त चुका पकडतो का. संचातल्या टेस्टची संख्या सारखी ठेवली, तेव्हा संबंध कमी ते मध्यम एवढाच निघाला. न तपासलेला भाग शोधायला कव्हरेज उपयोगी आहे, पण गुणवत्तेचं लक्ष्य म्हणून ते वापरू नये, असा त्यांचा निष्कर्ष. माझा अनुभव याहून वेगळा नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून. आधी आलेले बग. गेल्या तीन वर्षांत लोकांनी कळवलेले आणि तुम्ही दुरुस्त केलेले सगळे इश्यू उघडा. प्रत्येकासाठी एक टेस्ट लिहा, तिच्या नावात किंवा वरच्या टिपणीत इश्यूचा नंबर ठेवा. एक काळजी घ्या: दुरुस्ती तात्पुरती मागे घेऊन ती टेस्ट लाल होते हे डोळ्यांनी पाहा, मगच ती कमिट करा. जी टेस्ट कधी लाल झालेली पाहिली नाही, तिने काही तपासलं आहे यावर मी विश्वास ठेवत नाही. जिथे एकदा चूक झाली तिथे पुन्हा होते, म्हणून या पंचवीस-तीस टेस्ट तुमच्या पॅकेजसाठी सगळ्यात मोलाच्या ठरतील.

त्यानंतर लाल ओळींची यादी घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा: ही चुकली तर वापरणाऱ्याचं काय होईल? चुकीची तारीख गुपचूप परत जाणार असेल तर ती ओळ सगळ्यात वर. एरर मेसेजमधले शब्द बिघडणार असतील तर ती खाली. काही लाल ओळी अशा निघतील की तिथे पोचायला वाटच नाही. त्या काढून टाका. माझ्या एका पॅकेजमध्ये अशा वाचनातून दोनशेच्या आसपास मेलेल्या ओळी निघाल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी टेस्ट लिहायचा वेळ वाचला.

आता एक गोष्ट, जी फक्त पॅकेजला लागू होते आणि जिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. तुमच्या टेस्ट नक्की कोणता कोड चालवतात? आमच्या एका पॅकेजमध्ये वेगवेगळ्या भाषांतली महिन्यांची नावं एका जेसन फाइलमध्ये होती. कव्हरेज ९६ टक्के, सगळ्या आवृत्त्यांवर हिरवं. रिलीज केलं आणि तासाभरात पहिला इश्यू आला: इम्पोर्ट करताच ‘फाइल सापडत नाही’. झालं असं की टेस्ट रिपॉझिटरीच्या मूळ फोल्डरमधून चालायच्या, आणि पायथन इन्स्टॉल केलेलं पॅकेज न घेता समोरचंच फोल्डर उचलायचं. तिथे जेसन फाइल होती. व्हीलमध्ये, म्हणजे लोक इन्स्टॉल करतात त्या बांधलेल्या फाइलमध्ये, मात्र ती बांधलीच गेली नव्हती. पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजं मिळतात त्या साठ्यावर, एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने बदलता येत नाही, म्हणून आम्हाला ती आवृत्ती ‘यँक’ करून (नव्याने कोणी घेऊ नये अशी खूण करून) लगेच पुढचा नंबर काढावा लागला. तेव्हापासून प्रत्येक पॅकेजमध्ये कोड ‘एसआरसी’ नावाच्या फोल्डरच्या आत ठेवतो. त्यामुळे चुकून समोरचा कोड इम्पोर्ट होत नाही. सीआयमध्ये आधी व्हील बांधतो, कोऱ्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये ते इन्स्टॉल करतो आणि टेस्ट त्याच्यावर चालवतो. टॉक्स किंवा नॉक्स ही टूलं हे काम सरळ करून देतात. असं केल्यावर कव्हरेजमध्ये फाइलचे पत्ते ‘साइट-पॅकेजेस’मधले (इन्स्टॉल झालेली पॅकेजं जातात त्या फोल्डरमधले) दिसू लागतात, ते मूळ पत्त्यांशी जुळवायला कॉन्फिगरेशनमध्ये ‘पाथ्स’चा भाग भरा.

सीआयच्या मॅट्रिक्सबद्दल, म्हणजे टेस्ट कोणकोणत्या जोड्यांवर चालवायच्या याबद्दल, थोडक्यात. सगळ्या पायथन आवृत्त्या गुणिले सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम असा गुणाकार करू नका, छोट्या पॅकेजला तो परवडत नाही. लिनक्सवर सगळ्या आवृत्त्या, विंडोज आणि मॅकवर सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी, एवढं पुरतं. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते, म्हणून उन्हाळ्यापासूनच तिची बीटा आवृत्ती एका जॉबमध्ये (सीआयमधलं एक स्वतंत्र काम) ठेवा, पण ती लाल झाली तरी बिल्ड अडणार नाही असं करून. आणखी एक जॉब डिपेंडन्सीच्या, म्हणजे तुमचं पॅकेज ज्या लायब्ऱ्या वापरतं त्यांच्या, किमान आवृत्त्यांवर हवा. ‘कमीत कमी अमुक आवृत्ती’ असं आपण लिहितो खरं, पण ती आवृत्ती कोणी इन्स्टॉल करून पाहिलेली नसते. शिवाय आठवड्यातून एकदा, कोडमध्ये काही बदल नसतानाही, टेस्ट चालवा. तुम्ही स्वस्थ बसलात तरी खालच्या लायब्ऱ्या बदलत असतात. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती आली तेव्हा ज्यांच्याकडे असा साप्ताहिक जॉब होता, त्यांना स्वतःहून कळलं; बाकीच्यांना वापरणाऱ्यांनी कळवलं. गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या सीआयवर, एक लक्षात ठेवा: सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रकावरचे जॉब आपोआप बंद होतात.

वेगवेगळ्या जॉबमधलं कव्हरेज एकत्र करायला विसरू नका. विंडोजसाठीची वाट लिनक्सच्या जॉबमध्ये लालच दिसणार. प्रत्येक जॉबची डेटा फाइल साठवायची आणि शेवटी ‘कम्बाइन’ करून एकच रिपोर्ट काढायचा. ती फाइल टिंबाने सुरू होते, म्हणजे लपलेली फाइल. गिटहबची आर्टिफॅक्ट, म्हणजे जॉबमधून साठवायच्या फाइली, चढवणारी ॲक्शन २०२४ पासून लपलेल्या फाइली आपण होऊन घेत नाही, त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. ‘कम्बाइन करायला काहीच नाही’ असा मेसेज दिसला तर आधी हेच पाहा.

कव्हरेज एखाद्या बाहेरच्या सेवेकडे पाठवणार असाल तर सुरक्षेचं भान ठेवा. २०२१ मध्ये कोडकोव्ह या कव्हरेज सेवेची रिपोर्ट चढवणारी स्क्रिप्ट कोणीतरी बदलली होती. ३१ जानेवारीपासून ती लोकांच्या सीआयमधली गुपितं बाहेर पाठवत होती, आणि ते एप्रिलमध्ये उघड झालं. मार्च २०२५ मध्ये बदललेल्या फाइली शोधणाऱ्या एका लोकप्रिय गिटहब ॲक्शनचं असंच झालं. तिचे टॅगच (आवृत्तीला दिलेली, हलवता येणारी नावं) दुष्ट कोडकडे वळवले गेले. म्हणून बाहेरची ॲक्शन टॅगने न घेता पूर्ण कमिट हॅशने (त्या बदलाच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) घ्या, टेस्टच्या जॉबला फक्त वाचायची परवानगी द्या, आणि पायपीआयवर चढवायचे अधिकार त्या जॉबच्या आसपासही ठेवू नका. तुमच्या आकाराच्या पॅकेजला बाहेरच्या सेवेची गरज आहे असं मला वाटत नाही. जॉबच्या सारांशात मजकुरी रिपोर्ट छापला की भागतं.

तारखांचं पॅकेज आहे म्हणून एक खास इशारा. टेस्टमध्ये ‘आज’ कधीही घड्याळातून घेऊ नका. ‘आजपासून एक महिन्याने’ ही टेस्ट १२ तारखेला लिहिली तर महिनाभर हिरवी राहते आणि ३१ जानेवारीला कोसळते, कारण ३१ फेब्रुवारी नाही. डिसेंबरात महिना तेरावा होतो. लोक अशी टेस्ट पुन्हा चालवतात, दुसऱ्या दिवशी ती हिरवी होते, आणि ‘कधीकधी फेल होते’ म्हणून तिच्याकडे कानाडोळा सुरू होतो. एकदा का लाल रंगाकडे दुर्लक्ष करायची सवय लागली की सगळ्या टेस्टचं वजन जातं. फंक्शनला ‘आज’ बाहेरून देता येईल असं ठेवा, आणि ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर या तारखा हातानं टेस्टमध्ये लिहा. टाइमझोनही ठरवून द्या. तुमच्या मशीनवरचा आणि सीआयवरचा वेगळा असतो.

पार्सिंगच्या, म्हणजे मजकूर वाचून अर्थ लावणाऱ्या, गाभ्यासाठी आणखी दोन हत्यारं सांगतो. पहिलं हायपॉथेसिस ही पायथनची लायब्ररी. ही कल्पना कोन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांच्या २००० सालच्या क्विकचेकमधून आली. एकेक उदाहरण लिहिण्याऐवजी नियम लिहायचा: कोणताही कालावधी मजकुरात बदलून पुन्हा वाचला की तोच कालावधी मिळाला पाहिजे. हायपॉथेसिस शेकडो कालावधी बनवून पाहतं, आणि नियम मोडणारा सापडला की तो छोटा करत करत सगळ्यात साधं उदाहरण हातात देतं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शून्य कालावधी निघाला. त्याचा मजकूर रिकामा व्हायचा आणि रिकामा मजकूर वाचता यायचा नाही. तोवर त्या फाइलचं कव्हरेज, ब्रँचसकट, १०० टक्के होतं.

दुसरं म्युटेशन टेस्टिंग. वर आपण ६० चे ६ केले, तेच काम टूल करतं: अधिकची वजाबाकी, ‘पेक्षा लहान’चं ‘लहान किंवा समान’, आणि प्रत्येक बदलानंतर टेस्ट चालवून पाहतं. टेस्ट हिरव्या राहिल्या तर तो म्युटंट वाचला, म्हणजे तिथे कोणाचं लक्ष नाही. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ मध्ये हे मांडलं. पायथनमध्ये मटमट हे टूल वापरा. संपूर्ण पॅकेजवर चालवू नका, तास न् तास जातात. पार्सिंगची एक फाइल घ्या, रात्री लावून ठेवा आणि सकाळी वाचलेल्या म्युटंटची यादी लाल ओळींसारखीच वाचा.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी: गोमध्ये कव्हरेज १.२ पासून भाषेसोबतच येतं, आणि १.२० पासून बांधलेला पूर्ण प्रोग्रॅम चालवूनही मोजता येतं. जावात जाकोको, आरमध्ये कव्हर, रस्टमध्ये कार्गो-एलएलव्हीएम-कव्ह, सी आणि सी प्लस प्लसमध्ये जीकोव्ह. नावं वेगळी, वर लिहिलेलं सगळं तसंच लागू.

त्या पुल रिक्वेस्टवर मी असं उत्तर दिलं असतं: ‘मनापासून आभार. मोजणी सीआयमध्ये यायलाच हवी होती. एक बदल सुचवतो: ९० ची अट काढून ब्रँच मोजणी आणि सोर्स सेटिंग ठेवू, आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये बदललेल्या ओळींचा रिपोर्ट छापू. पार्सर फाइलमध्ये ऋण कालावधी हाताळणाऱ्या ओळी आज एकाही टेस्टमध्ये चालत नाहीत, आणि गेल्या वर्षीचे दोन इश्यू तिथलेच होते. त्यांच्या टेस्ट तुम्ही लिहाल का? पहिली मी लिहून ठेवतो, तिच्यावरून बाकीच्या सोप्या जातील.’